कशावरून?

‘‘पळाली म्हणे!’’

नवरात्रातली भिशी माझ्याच घरी होती. साबुदाणा वडे तळून येत होते, चहाची दुसरी फेरी चालू होती आणि आमच्यातली एक जण सहज हे बोलून गेली. विषय होता गावातल्या हायस्कुलात नववीत शिकणाऱ्या एका मुलीचा. गणपतीपासून ती शाळेत येत नव्हती. दुसरी म्हणाली, ‘‘पळाली कुठली, घरच्यांनी लग्न उरकून टाकलं म्हणे.’’ तिसरीनं ‘‘मोबाइल हातात दिला की असंच व्हायचं,’’ असा निकालच देऊन टाकला.

आणि मी? मी बचत गटाच्या बायकांना बँकेचे व्यवहार समजावून सांगते, आठ मार्चला मुलींच्या शिक्षणावर तळमळीनं बोलते. मी म्हणाले, ‘‘हो ना, माझ्याही कानावर आलं. वस्तीवरच्या मुली, कोण लक्ष देणार त्यांच्याकडे?’’ आणि वड्यांचं ताट पुढं सरकवलं.

मैत्रिणींनो, हे सगळं आज कबूल करतेय, कारण पुढं दोनच महिन्यांत, वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी, मी त्याच शाळेच्या नववीच्या वर्गात शेवटच्या बाकावर बसून बातमी कशी लिहायची ते शिकले. आणि शिकता शिकता स्वतःच्याच वाक्यापाशी येऊन पोचले.

झालं असं, की दहावीच्या मराठीच्या पेपरात उपयोजित लेखनात बातमीलेखन असतं. मुलं ते साच्यात बसवून पाठ करतात. ‘आमच्या वार्ताहराकडून’ असं वर लिहायचं, प्रमुख पाहुण्यांचं नाव घालायचं, शेवटी आभारप्रदर्शन करायचं, की झाले गुण. आमच्या मुख्याध्यापिका बाईंना हे खटकत होतं. मुंबईच्या एका दैनिकात तीस वर्षं उपसंपादक म्हणून काम केलेले एक गृहस्थ निवृत्त होऊन गावी परतले होते. बाईंनी त्यांना गळ घातली, ‘‘आमच्या मुलांना जरा खरी बातमी शिकवा.’’ दिवाळीनंतरचे आठ शनिवार ठरले. पालक-शिक्षक संघातर्फे कुणीतरी वर्गात बसावं म्हणून मला बोलावलं. मी कला शाखेची पदवीधर, मराठी विषय घेऊन बीए झालेली. मला वाटलं, आपल्याला काय नवीन असणार त्यात!

सहा ‘क’

पहिल्याच दिवशी सरांनी फळ्यावर सहा शब्द लिहिले. कोण, काय, कधी, कुठे, का, कसं. म्हणाले, ‘‘इंग्रजीत हे पाच डब्ल्यू आणि एक एच. आपल्याकडे मात्र सहाही ‘क’. लक्षात ठेवायला मराठी सोपी. या सहांची उत्तरं दिली की बातमी झाली.’’

मग त्यांनी मजकूर सांगायला सुरुवात केली. येत्या गुरुवारी शाळेतले सर्व शिक्षक एक दिवसाच्या प्रशिक्षणासाठी जिल्ह्याच्या ठिकाणी जाणार आहेत, असं मुख्याध्यापिकांनी जाहीर केलं आहे. शिक्षणाधिकारी उद्घाटन करतील. नव्या अध्यापन पद्धतींवर तीन व्याख्यानं होतील. ‘‘आता यातून बातमीचा इंट्रो लिहा. इंट्रो म्हणजे बातमीचं पहिलं वाक्य.’’

आम्ही सगळ्यांनी माना खाली घातल्या. मीही लिहिलं. बीएचं मराठी कामाला लावून लिहिलं, ‘ज्ञानाच्या नव्या क्षितिजांकडे झेप घेण्यासाठी आपल्या शाळेचा शिक्षकवृंद सज्ज झाला असून...’

सरांनी एकेक वही घेतली, वाचली, बाजूला ठेवली. कुणी शिक्षणाधिकाऱ्यांपासून सुरुवात केली होती, कुणी प्रशिक्षणापासून. शेवटी सर म्हणाले, ‘‘गुरुवारी शाळेला सुट्टी. ही बातमी आहे.’’

क्षणभर वर्ग गप्प. मग असा काही हशा पिकला! सगळ्यांसमोर होतं आणि एकालाही दिसलं नव्हतं.

सरांनी लगेच सांगून टाकलं की ही युक्ती त्यांची नाही. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या बेव्हर्ली हिल्स हायस्कूलमध्ये १९५०च्या दशकात चार्ल्स सिम्स नावाचे शिक्षक पत्रकारितेचा वर्ग घेत. त्यांनी पहिल्याच तासाला असाच मजकूर दिला होता. तिथले शिक्षक सॅक्रामेंटोला निघाले होते, एवढाच फरक. त्या वर्गात नोरा एफ्रन नावाची एक मुलगी होती. ती पुढं पत्रकार झाली, लेखिका झाली, ‘व्हेन हॅरी मेट सॅली’सारख्या गाजलेल्या चित्रपटाची पटकथा तिनं लिहिली. २०१२ साली ती गेली. तोवर तिनं शाळेतल्या त्या एका तासाची आठवण पुनःपुन्हा सांगितली. घडलं काय ते जसंच्या तसं उतरवून काढणं पुरेसं नाही, वाचणाऱ्याच्या दृष्टीनं त्याचा अर्थ काय ते ओळखायचं, हे तिला तिथं उमगलं.

दुसऱ्या शनिवारी ‘उलटा मनोरा’ शिकलो. सर म्हणाले, ‘‘श्रावणातल्या कहाणीत आधी आटपाट नगर येतं, मग राजा, मग नावडती राणी. फळ शेवटी. बातमीत फळ आधी सांगायचं. सगळ्यात महत्त्वाचं वर, त्याहून कमी महत्त्वाचं खाली, आणि शेवटी असं काही, की कापलं तरी अडणार नाही.’’ कारण रात्री अकरा वाजता एखादी जाहिरात आली, की पानावरची जागा कमी होते आणि बातमीला खालून कात्री लागते. आभारप्रदर्शन शेवटी का असतं ते तेव्हा कळलं!

एक गृहपाठ माझ्या आवडीचा होता. आठवडी बाजाराची बातमी. एका मुलीनं लिहून आणलं, ‘भाज्यांचे भाव गगनाला भिडले.’ सरांनी विचारलं, ‘‘कोणती भाजी? गगन किती रुपयांवर आहे?’’ तिनं मेथी म्हणून सांगितलं. जुडी किती, मागच्या आठवड्यात किती होती, किती विक्रेत्यांना विचारलं? तिनं एकालाच विचारलं होतं. ‘‘एकाला विचारलंस तर तो त्या विक्रेत्याचा भाव झाला, बाजाराचा नव्हे.’’ पुढच्या बाजारी ती पाच जणींना विचारून आली. विशेषणं पुसली गेली आणि आकडे आले. मी घरी येऊन माझं आठ मार्चचं जुनं भाषण काढून बघितलं. त्यात गगनं बरीच होती, आकडा एकही नव्हता.

‘म्हणे’ म्हणजे कोण म्हणे?

तिसऱ्या शनिवारी सरांनी फळ्यावर एकच शब्द लिहिला, ‘म्हणे’. विचारलं, ‘‘हा शब्द दिवसातून किती वेळा वापरता?’’

मोजायला गेलं तर हाताची बोटं पुरायची नाहीत. पाणी येणार नाही म्हणे. पेपर फुटला म्हणे. अमक्याच्या सुनेनं तमकं केलं म्हणे. सर म्हणाले, ‘‘फार सोयीचा शब्द आहे. बोलायचंही असतं आणि बोलल्याची जबाबदारीही नको असते. बातमीत तो चालत नाही. बातमीत ‘कोण म्हणे’ ते लिहावं लागतं. नाव, हुद्दा, कधी म्हणाले, कुणासमोर म्हणाले.’’ आणि सहा ‘क’च्या खाली त्यांनी सातवा लिहिला, ‘कशावरून?’

‘‘पहिले सहा बातमी लिहिताना विचारायचे. सातवा लिहिण्याआधी.’’

एका मुलानं ‘ध’चा ‘मा’ आठवून सांगितला. इतिहासात मुलांना असलं बरोब्बर आठवतं. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. गारद्यांना दिलेल्या पत्रात ‘धरावे’ होतं, आनंदीबाईंनी ते ‘मारावे’ केलं, ही गोष्ट आपण सगळ्याच ऐकत आलोय. सर म्हणाले, ‘‘एका अक्षरानं माणूस मरू शकतो, म्हणून मुद्रितशोधन करायचं असतं. हा झाला पहिला धडा. आता दुसरा. आनंदीबाईंनी अक्षर बदललं, कशावरून?’’

सगळे गोंधळले. सरांनी समजावलं, की ही आख्यायिका आहे. आनंदीबाईंनी खरोखर ते अक्षर बदलल्याचा ठोस पुरावा पुढे आलेला नाही. न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांनी खुनाबद्दल दोषी धरलं ते राघोबादादांना. पण अडीचशे वर्षं झाली, म्हणीत नाव राहिलं ते बाईचं.

मुलं मजेत होती. मला मात्र नवरात्रातली भिशी आठवायला लागली होती.

त्याच तासाला सरांनी राईनपाड्याची हकिकत सांगितली. १ जुलै २०१८. धुळे जिल्हा, साक्री तालुका. मुलं पळवणारी टोळी फिरतेय, असे निरोप तेव्हा मोबाइलवरून सगळीकडे पसरले होते. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण भिक्षा मागत त्या गावी पोचले. सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढा तालुक्याकडची माणसं. जमावानं त्यांना संशयावरून पकडलं आणि पाचही जणांना मारून टाकलं. ‘‘तो निरोप पुढं पाठवणाऱ्या शेकडो लोकांपैकी एकानं जरी विचारलं असतं ना...’’ सरांनी वाक्य पूर्ण केलं नाही. फळ्यावरच्या सातव्या ‘क’खाली फक्त एक रेघ ओढली. मागच्या बाकावरच्या एका मुलानं खिशातला मोबाइल, जो शाळेत आणायला बंदी आहे, हळूच दप्तरात ढकलला.

रिकामी जागा

भित्तिपत्रक ६ जानेवारीला लावायचं ठरलं होतं. बाळशास्त्री जांभेकरांनी ‘दर्पण’ हे मराठीतलं पहिलं वृत्तपत्र मुंबईत सुरू केलं ती ही तारीख, साल १८३२. म्हणून हा दिवस मराठी पत्रकार दिन. ‘दर्पण’मध्ये एका स्तंभात मराठी आणि शेजारच्या स्तंभात इंग्रजी मजकूर असे, हे ऐकून मुलांना गंमत वाटली. एका मुलीनं विचारलं, ‘‘सर, तेव्हा बायका नव्हत्या का पेपरात?’’ तेव्हा सरांनी तानूबाई बिर्ज्यांचं नाव सांगितलं. ‘दीनबंधू’चे संपादक वासुदेवराव बिर्जे वारले आणि त्यानंतर त्यांच्या पत्नी तानूबाईंनी ते पत्र संपादक म्हणून चालवलं. मराठी घेऊन बीए झाले मी, पण हे नाव पहिल्यांदा ऐकत होते. आजच्या काळातलं ‘खबर लहरिया’ही त्यांनी सांगितलं. उत्तर प्रदेशातल्या चित्रकूटमध्ये २००२ साली गावातल्या बायकांनी, त्यातल्या कित्येक दलित, बुंदेली बोलीत हे वृत्तपत्र सुरू केलं. पाणी, रस्ते, रेशन, अत्याचार यांच्या बातम्या त्या स्वतः फिरून आणत. पुढं त्या मोबाइलवरून व्हिडीओ बातम्या करू लागल्या आणि त्यांच्यावरच्या ‘रायटिंग विथ फायर’ या माहितीपटाला २०२२ साली ऑस्करचं नामांकन मिळालं.

मग सरांनी विचारलं, ‘‘आपली मुख्य बातमी कोणती?’’ स्नेहसंमेलन, कबड्डीची स्पर्धा, वृक्षारोपण अशी नावं आली. तेवढ्यात दुसऱ्या बाकावरचा एक मुलगा उठला आणि तिसऱ्या रांगेतल्या रिकाम्या जागेकडे बोट दाखवून म्हणाला, ‘‘सर, ही.’’

वर्गात कुजबुज झाली. एकदोघी खुदकन हसल्या. सरांना काही माहीत नव्हतं. ‘‘काय झालं तिचं?’’

‘‘पळाली म्हणे, सर.’’

‘‘कोण म्हणे?’’

सरांनी खडू घेतला आणि एकेकाला विचारत गेले. तुला कुणी सांगितलं? त्यानं मैत्रिणीचं नाव घेतलं. तिला? तिच्या आईनं. दुसरीला चुलतीनं सांगितलं होतं, तिसऱ्याला दुकानात ऐकू आलं होतं. फळ्यावर बाणांची जाळी तयार झाली. शेवटी एक मुलगी म्हणाली, ‘‘माझ्या आईला भिशीत कळलं. तिथं सगळ्या बोलत होत्या. मोठमोठ्या बायका होत्या, म्हणून खरंच असेल.’’

सरांनी फळ्यावर लिहिलं, ‘भिशी’. त्याभोवती गोल केला. बहुतेक बाण फिरून फिरून त्या गोलात येत होते. त्या गोलाच्या पुढं बाण नव्हता. म्हणजे मुलीला, तिच्या आईला, तिच्या वस्तीवरच्या कुणाला प्रत्यक्ष भेटलेलं एकही माणूस त्या साखळीत नव्हतं.

मी शेवटच्या बाकावर बसले होते. भिशी माझ्या घरची होती. ‘मोठमोठ्या बायकां’तली एक मी होते. त्या दिवशी मी वर्गात काही बोलले नाही, हेही लिहिलं पाहिजे. तोंडातून शब्दच फुटला नाही.

पूल

सरांनी कामं वाटून दिली. मुलांनी कुणाच्या घरी जाऊन चौकशा करायच्या नाहीत, हे बजावून सांगितलं. त्यांनी फक्त मोजायचं. वर्गशिक्षिका बाईंच्या परवानगीनं हजेरीपट बघायचा. त्या बाजूच्या तीन वस्त्यांवरून नववी-दहावीत किती मुलं येतात, कुणाची हजेरी किती.

आकडे आले आणि आमचे डोळे उघडले. एकूण अकरा मुलं. चार मुलगे, सात मुली. चारही मुलग्यांची हजेरी जवळपास पूर्ण. सात मुलींपैकी एकीनं शाळा सोडलेली, चौघी संध्याकाळच्या जादा तासाला कधीच थांबत नव्हत्या आणि उरलेल्या दोघी नातेवाइकांकडे गावात राहायला आल्या होत्या. म्हणजे प्रश्न एका मुलीचा नव्हताच.

वर्गशिक्षिका बाई आणि मी वस्तीवर गेलो. गाडी मुद्दाम घेतली नाही. मुली जशा जातात तसं जायचं ठरवलं. संध्याकाळी साडेसहाची एसटी धरली. तिनं फाट्यावर सोडलं. पूर्वी ती वस्तीपर्यंत जायची, पण जुलैच्या पावसात ओढ्यावरचा फरशी पूल वाहून गेला, तेव्हापासून तिला फाट्याच्या पुढं जाताच येत नाही. तिथून तीन किलोमीटर चालायचं. दोन्ही बाजूंना डोक्यावरून उंच ऊस. डिसेंबरचा अंधार. दिवा एकही नाही. ओढ्यात दगडांवर पाय ठेवत पलीकडे जायचं. पाचट नुसतं सळसळलं तरी आम्ही दोघी प्रौढ बायका एकमेकींचा हात धरत होतो. आमच्या भागात उसात बिबट्या दिसणं काही नवीन नाही. चौदा वर्षांची मुलगी इथून एकटी कशी येईल?

मुलगी घरीच होती. चुलीपुढं भाकरी थापत होती. बाईंना बघून उठून उभी राहिली, तिचे हात तसेच पिठाचे. ना लग्न झालं होतं, ना ती कुठं गेली होती. गणपतीनंतर नववीचे जादा तास सुरू झाले आणि पाचची एसटी चुकायला लागली. वडील कारखान्याच्या ट्रॅक्टरवर, रात्री घरी नसतात. न्यायला कोण येणार? जादा तास चुकवला की वर्गात बोलणी बसत. घरातल्यांनी ठरवलं, नकोच शाळा.

आई म्हणाली, ‘‘गावानं माझ्या पोरीचं लगीनबी लावून दिलं, ताई. बाजारात बाया माझ्या तोंडाकडं बघत्यात. पोरगी न्हाई पळाली. पूल पळालाय.’’

मी मान खाली घालून बसले होते. मग म्हणाले, ‘‘मावशी, त्या बोलणाऱ्या बायकांत मीही होते.’’

ती काहीच बोलली नाही. बराच वेळ गेला. मग मुलीला म्हणाली, ‘‘च्या ठेव बाईंना.’’ त्या चहाचा घोट अजून घशात आहे माझ्या.

काय छापायचं, काय नाही

पुढच्या शनिवारी मी वर्गात उभी राहिले आणि मुलांना सांगितलं, की फळ्यावरचा तो गोल माझ्या घराचा होता. कुणी हसलं नाही. मुलं अशा वेळी आपल्यापेक्षा समंजस असतात.

मग बातमी लिहायला बसलो. एकीनं मथळा सुचवला, ‘पोरगी नाही, पूल पळाला!’ आम्हाला सगळ्यांना फार आवडला. सरांनी तो फळ्यावर लिहिला आणि पुसून टाकला. ‘‘मथळा झकास आहे. पण ज्यानं ही अफवा ऐकलेली नाही, त्यालाही आपण ती सांगतोय. अफवा खोडायची म्हणून तीच मोठ्या अक्षरात कशाला छापायची?’’

दुसऱ्यानं मजकुरात ‘प्रशासनाचा भोंगळ कारभार’ असं लिहिलं होतं. त्यावरही फुली. ‘‘हे तुझं मत झालं. त्यांचं म्हणणं विचारलंस का?’’ मग दोन मुलं आणि बाई रीतसर पत्र घेऊन संबंधित कार्यालयात गेले. प्रस्ताव पाठवलाय, मंजुरी आलेली नाही, एवढंच उत्तर मिळालं. सर म्हणाले, ‘‘एवढंच छापा. जितकं मिळालं तितकंच.’’ माहितीच्या अधिकाराची गोष्टही तेव्हाच निघाली. हा कायदा २००५ सालचा. साध्या कागदावर अर्ज, दहा रुपये शुल्क आणि तीस दिवसांत उत्तर देणं बंधनकारक. तो अर्ज माझ्या नावानं मी केला. आयुष्यातला पहिला.

मुलीचं नाव छापायचं नाही, हे तर ठरलेलंच होतं. लहान मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या बातमीत मुलाची ओळख उघड करायला २०१२च्या पॉक्सो कायद्यानं बंदी आहे, हे सरांनी सांगितलं. इथं तसं काही नव्हतं, पण नियमामागचा विचार तोच. मुलीला उद्या याच गावात राहायचंय. नाव न घालताही लोक ओळखतील, म्हणून ‘एकीने शाळा सोडली’ हे वाक्य घालायचं का, यावर अर्धा तास वाद झाला. शेवटी बाईंनी मुलीला आणि तिच्या आईला विचारलं. मुलीनं मान डोलावली. आई म्हणाली, ‘‘लिवा. खरं हाय त्ये लिवा.’’

भित्तिपत्रकात बातमी आली ती अशी :

‘ओढ्यावरील फरशी पूल जुलैमध्ये वाहून गेल्याने तीन वस्त्यांवरील चार विद्यार्थिनींना सायंकाळच्या जादा तासाला थांबता येत नाही. एकीने शाळा सोडली असून दोघींना घर सोडून गावात राहावे लागत आहे. पूल नसल्याने एसटी फाट्यापर्यंतच येते. तेथून तीन किलोमीटर अंतर अंधारात चालावे लागते, असे पालकांनी सांगितले. याच वस्त्यांवरील चार विद्यार्थी सायकलने ये-जा करतात व त्यांची हजेरी नियमित आहे. पुलाचा प्रस्ताव पाठवला आहे, मंजुरी मिळालेली नाही, असे संबंधित कार्यालयातून सांगण्यात आले.’

सहा वाक्यं. एकही विशेषण अंगावर येणारं नाही. पण ६ जानेवारीला त्या कार्डशीटपुढं पालकांची गर्दी झाली, तेव्हा कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं.

पुढं काय झालं? पूल लगेच झाला, असं सांगायला मला आवडलं असतं. झाला नाही. माझ्या अर्जाला उत्तर आलं, त्यातही ‘प्रस्तावित’ एवढंच. पण ज्यासाठी पूल लागत नव्हता ते झालं. बातमी वाचून मुख्याध्यापिका बाईंनी दुसऱ्याच आठवड्यात जादा तास संध्याकाळचे काढून सकाळी, शाळेआधी ठेवले. पाचची एसटी मुलींना मिळू लागली. तीही त्यांना फाट्यावरच सोडते, पण घरी पोचेपर्यंत उजेड असतो. मुलगी जानेवारीच्या अखेरीस वर्गात आली. चार महिन्यांचा अभ्यास भरून काढायला इतर मुलींनी तिला वह्या दिल्या. तिसऱ्या रांगेतली ती जागा भरली.

तुमच्या गावात असा वर्ग नसेल, सर नसतील. तरी शाळेच्या भिंतीवर एक कार्डशीट नक्की मावेल. महिन्यातून एकदा मुलांना गावातलं काहीतरी मोजायला सांगा, पाच जणांना विचारायला सांगा आणि पाच वाक्यांत लिहायला सांगा. सगळी मुलं पत्रकार होणार नाहीत, व्हायचीही गरज नाही. पण हातात आलेला निरोप पुढं ढकलण्याआधी त्यांचा अंगठा क्षणभर थांबेल. आपलाही.

संक्रांतीची भिशी दुसऱ्या मैत्रिणीकडे होती. तिळगूळ झाला, वाण झालं. कुणीतरी सुरुवात केलीच, ‘‘अगं, त्या अमक्यांच्या घरी म्हणे...’’

मी तोंड उघडणार, इतक्यात माझ्या शेजारची, तीच नवरात्रातली, म्हणाली, ‘‘कशावरून गं?’’